ग्रीलचा गंज, नळाचं तांबूस पाणी आणि काळवंडलेली चांदी

प्रश्न : आम्ही माझगावला डॉकयार्ड रोडजवळ राहतो. दिवाळीच्या आधी गॅलरीची ग्रील रंगवून घेतली, की पुढच्या गणपतीपर्यंत तिला खालच्या बाजूनं गंजाचे फोड आलेले असतात. सोलापूरला माझ्या बहिणीकडची ग्रील मात्र वर्षानुवर्षं आहे तशीच आहे. रंगारी म्हणतो, ‘इथली हवा खारी, त्याला इलाज नाही.’ हवा खारी असते म्हणजे नेमकं काय? आणि नुसत्या हवेनं ग्रीलचे हे हाल होत असतील, तर गोदीत थेट समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या बोटी टिकतात कशा?
— एक गृहिणी, माझगाव

उत्तर : रंगाऱ्याचं निदान बरोबर आहे. ‘इलाज नाही’ हे मात्र मान्य करू नका. इलाज आहे आणि तो महागही नाही. पण आधी ग्रीलचं काय होतं ते पाहू.

लोखंड जमिनीतून लोखंड म्हणून निघत नाही. सिंधुदुर्गात रेडीच्या खाणींत ते तांबड्या दगडाच्या रूपात, ऑक्सिजनशी बांधलेलं सापडतं. भट्टीत कोळशाच्या मदतीनं त्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रचंड उष्णता खर्च होते. अशा रीतीनं सोडवून घेतलेल्या लोखंडाचा कल पुन्हा ऑक्सिजनकडे जाण्याचाच असतो. गंज म्हणजे ती परतीची वाट. तुमच्या ग्रीलवरचा तांबडा भुगा आणि रेडीचा तांबडा दगड रसायनाच्या दृष्टीनं जवळपास एकच.

ही वाट कोरड्या हवेत लोखंडाला एकट्यानं चालता येत नाही, पाणी लागतं. ग्रीलवर ओलाव्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसला, की एका जागचं लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडून त्या ओलाव्यात विरघळतं. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथं हवेतला ऑक्सिजन त्यांना घेतो. म्हणजे ग्रीलच्या एकाच गजावर बारीक बारीक बॅटऱ्या सुरू होतात. विरघळलेल्या लोखंडाला पुढं आणखी ऑक्सिजन भेटला की गंज तयार होतो. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की हा खेळ वेग घेतो. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने त्याच्या खाली असते. मुंबईत पावसाळ्यात ती 80 च्याही वर जाते.

आता खारेपणा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे तुषार हवेतच सुकतात आणि मिठाचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात. माझगावचा किनारा बंदराच्या बाजूचा. इथं वरळीसारख्या लाटा फुटत नाहीत, त्यामुळे मीठ तिकडच्या मानानं कमी येतं. पण येतं. आणि मीठ दोन तऱ्हांनी लोखंडाच्या मुळावर उठतं. एक तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाणावतं, ते आठवा. खाण्याचं मीठ 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला विरघळू लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे बाकीची ग्रील कोरडी ठणठणीत असताना जिथं मिठाचा कण बसलाय, तेवढी जागा ओलीच राहते. दुसरं असं, की मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून त्या बारीक बॅटऱ्या जोरात चालतात. शिवाय मिठातला क्लोराइड लोखंडावर तयार होऊ पाहणारा संरक्षक पापुद्रा फोडत राहतो.

मिठाच्या जोडीला गंधकही आहे. वाहनांच्या, बोटींच्या आणि तिकडे माहूल-ट्रॉम्बेच्या बाजूच्या कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. बोटींच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून जगभर 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणली गेली. बंदराशेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी ती मोठीच गोष्ट होती. ग्रीललाही तिचा फायदा आहेच.

तुम्ही लिहिलंत की फोड ‘खालच्या बाजूनं’ येतात. हे तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. आडव्या पट्टीची वरची बाजू पावसानं धुतली जाते. खालच्या बाजूला, वेल्डिंगच्या सांध्यात, कुंडीच्या तळाशी पाऊस पोचत नाही आणि मीठ मात्र पोचतं. तिथं ते साठत जातं. म्हणून पहिला इलाज अगदी साधा : ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा ग्रील नळाच्या पाण्यानं धुवा आणि खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसून घ्या. अर्धी बादली पाणी पुरतं.

दुसरा इलाज रंगाऱ्याच्या हातात आहे आणि तिथंच बहुधा घाई होते. गंजावर रंग मारला, की त्या गंजात अडकलेलं मीठही रंगाखाली बंद होतं. वरून ग्रील चकचकीत दिसते, आत काम चालूच. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं लोखंड उघडं होईपर्यंत घासून घ्यावं, मग गोड्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवावं आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. रात्र मध्ये जाऊ देऊ नये. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर म्हणजे तरी काय? लोह ऑक्साइडच. जे आधीच ऑक्सिजनशी बांधलं गेलंय ते आणखी गंजणार नाही, हा त्यामागचा विचार. पूर्वी लोखंडी बोटींना आणि पुलांना शेंदूर लावत. तो शिशाचा ऑक्साइड, गंज रोखण्यात पटाईत पण विषारी. म्हणून तो मागं पडला. जुन्या इमारतीतला, पिढीजात रंगाचे थर चढलेला कठडा घासायचा असेल, तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, तोंडाला फडकं बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

आता बोटींकडे वळू. माझगावला 1774 मध्ये एक छोटी सुकी गोदी होती. तिथून वाढत 1934 मध्ये माझगाव डॉक ही कंपनी झाली आणि 1960 मध्ये ती भारत सरकारनं घेतली. ‘निलगिरी’ ही युद्धनौका तिथं 1968 मध्ये पाण्यात उतरली. अशा नौकेचं पोलाद रंगाचे अनेक थर देऊन झाकलेलं असतं. पण रंग कुठं तरी खरचटणारच. म्हणून पाण्याखालच्या भागावर जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे पक्के केलेले असतात. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडापेक्षा जास्त उतावीळ. दोघं एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात असले, की झीज जस्ताची होते आणि लोखंड शाबूत राहतं. बोट सुक्या गोदीत घेतली की झिजून खडबडीत झालेले ठोकळे काढायचे आणि नवे लावायचे. चाळीवरचा जस्त चढवलेला पत्रा आणि जी. आय. पाइप याच तत्त्वावर टिकतात. पत्र्यावर ओरखडा गेला तरी भोवतालचं जस्त तिथल्या लोखंडासाठी झिजतं.

ही कल्पना इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये मांडली. तेव्हा लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत आणि ते खाऱ्या पाण्यात खाल्ले जात. डेव्हींनी तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून ते थांबवलं. तांबं वाचलं, पण तळावर शेवाळ आणि कवचधारी जीव भराभर चिकटू लागले. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच ते जीव दूर राहत होते, हे तेव्हा उमगलं. आरमारानं तो प्रयोग सोडून दिला. पुढं विसाव्या शतकात बोटींच्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं संयुग घालू लागले. त्यानं तळ स्वच्छ राहिला, पण बंदरांतल्या गोगलगाईंच्या माद्यांमध्ये नराची इंद्रियं उगवू लागली आणि त्यांची पैदास खुंटली. 2008 पासून त्यावर जागतिक बंदी आहे. पाण्यात जे सोडाल ते कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातं. बंदराशेजारी राहून मासे खाणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे कळायलाच हवं.

तुमच्या घरापासून दारूखाना लांब नाही. तिथं जुन्या बोटी तोडतात. गॅस कटरनं जाड पोलाद कापताना पाहिलं असेल तर एक गोष्ट सांगतो. ज्योतीनं पोलाद वितळवून कापतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ज्योत ते फक्त सुमारे 900 अंशांपर्यंत तापवते. त्यानंतर कटरचा खटका दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि त्या झोतात लोखंड स्वतःच जळतं. उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे जळणारं लोखंड. तुमच्या ग्रीलवर जे व्हायला वर्षं लागतात, ते तिथं क्षणात होतं. दोन्हीकडे लोखंड ऑक्सिजनशीच जुळतं, फक्त वेग वेगळा.

प्रश्न : आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. सोसायटीतले म्हणतात, सिमेंट लावून बुजवलं की झालं. सळया तर काँक्रीटच्या आत असतात. मग त्यांना गंज लागतोच कसा?
— एक निवृत्त कामगार, घोडपदेव

उत्तर : काँक्रीट नुसतं झाकण असतं तर सळई केव्हाच गंजली असती. तिचं खरं रक्षण करतो तो काँक्रीटचा अल्कधर्म. सिमेंट पाण्याशी मिसळून घट्ट होताना चुनाही तयार होतो आणि काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच 12.5 च्या वर राहतो. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. तो असेपर्यंत सळई सुरक्षित असते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि त्या चुन्याची चुनखडी करून टाकतो. बाहेरून आत, वर्षाला मिलिमीटरच्या भागानं ही चाल सुरू असते. ती सळईपर्यंत पोचली, की तिथला पीएच 9 च्याही खाली उतरतो, पापुद्रा विरतो आणि सळई उघडी पडते. खाऱ्या हवेतला क्लोराइड आत पोचला तर तो आणखी लवकर, काँक्रीट अल्कधर्मी असतानाही, ठिकठिकाणी पापुद्रा फोडतो.

चुन्याची चुनखडी होण्याची हीच क्रिया जुन्या चुन्याच्या बांधकामाच्या उपकाराची होती. म्हातारपाखाडीतल्या किंवा कुठल्याही जुन्या वस्तीतल्या चुन्याच्या भिंतीत लोखंडी सळई नसते. तिथला चुना वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी होत जातो आणि भिंत उलट मजबूत होते. जो वायू चुन्याच्या भिंतीला बळ देतो, तोच सळईच्या काँक्रीटला पोखरतो. म्हणून जुन्या चुन्याच्या भिंतीवर हलगर्जीनं सिमेंटचा गिलावा थापणं आणि आर. सी. सी. स्लॅबकडे ‘दगड आहे, त्याला काय होतंय’ म्हणून दुर्लक्ष करणं, या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

आता पोपडे का पडतात ते पाहा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात हरभरे भिजत घातले तर झाकण उडतं, तसा सळईभोवतीचा गंज आतून काँक्रीटला ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग भेगेतून तांबूस ओघळ येतो आणि मग काँक्रीटचा थर खाली येतो. गिलाव्याला वाळताना पडणाऱ्या केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा वेगळ्या. सळईला समांतर धावणारी भेग आणि तांबूस ओघळ दिसला, की ते आतलं पत्र समजा.

‘सिमेंट लावून बुजवलं की झालं’ हे म्हणूनच चालणार नाही. गंजलेली सळई आत तशीच ठेवून वर सिमेंट लिंपलं, तर गंज वाढतच राहतो आणि काही वर्षांत नवा थरही पडतो, बऱ्याचदा मोठा होऊन. सळईच्या मागच्या बाजूपर्यंत खराब काँक्रीट फोडायचं, सळई घासून चकचकीत करायची, झिजून बारीक झाली असेल तर जोडीला नवी द्यायची, गंजरोधक लेप लावायचा आणि मग योग्य मिश्रणानं भरायचं, हे जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालचं काम आहे. तपासणीला येणारा अभियंता ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. गुलाबी रंग आला तर तिथं अल्कधर्म शिल्लक आहे, रंग आला नाही तर गेला. फवारताना तुम्हीही शेजारी उभे राहून पाहा. वरणाच्या हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, त्यातलाच हा प्रकार. हळदीत चुना मिसळून पूर्वी कुंकू करत, तेही याच गुणावर.

27 सप्टेंबर 2013 रोजी डॉकयार्ड रोडजवळची महापालिकेची इमारत कोसळून 61 माणसं गेली. त्या दुर्घटनेनंतर तळमजल्यावर केलेल्या फेरफारांचा मुद्दा पुढं आला होता. तिथं गंज कारण होतं असं मी म्हणत नाही. पण तो दिवस पाहिलेल्या भागात तरी ‘बुजवून टाका’ हे उत्तर कुणी देऊ नये. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, कायद्यानं बंधनकारक आहे. तुमची इमारत त्या वयाची असेल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी मांडा आणि तपासणी होईपर्यंत त्या स्लॅबखाली कुणाला झोपू देऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात गावाला जाऊन आलो की नळाला पहिल्यांदा तांबूस पाणी येतं. त्या पाण्याचा चहा केला तर शाईसारखा काळपट होतो. मग पाणी नेहमीसारखं झालं की त्याला औषधासारखा वास येतो. यातलं कुठलं पाणी वाईट?
— एक विद्यार्थिनी, ताडवाडी

उत्तर : औषधासारख्या वासाचं पाणी चांगलं. तांबूस पाणी बहुधा फार घातक नसतं, पण पिऊ नये.

तुमच्याकडे येणारं पाणी मुंबईबाहेरच्या धरणांतून येतं आणि शुद्धीकरणानंतर मोठमोठ्या साठवण टाक्यांत थांबतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानाच्या पोटात अशीच एक टाकी आहे. काका बॅप्टिस्टांच्या नावाच्या बागेत संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या पायाखाली पाणी भरलेलं असतं. टाकी टेकडीवर असण्याचं कारण उघड आहे : उंचीमुळे पाणी आपल्या वजनानं खालच्या वस्तीत जातं.

शुद्धीकरणात आधी तुरटीसारखी अॅल्युमिनियमची संयुगं घालून गाळ खाली बसवतात, गाळून घेतात आणि मग क्लोरीन मिसळतात. क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार करतो आणि हे आम्ल जंतूंच्या पेशीत शिरून त्यांना मारतं. थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण जंतू केंद्रात मारले तरी वाटेत पाइपमध्ये नवे शिरू शकतात. मुंबईत पाणी दिवसातून काही तासच येतं. दाब नसताना पाइपला बारीक गळती असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून तुमच्या नळापर्यंत लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. तो वास म्हणजे हा उरलेला पहारा. नकोसा वाटत असेल तर पाणी स्वच्छ भांड्यात, वर जाळीचं झाकण ठेवून काही वेळ राहू द्या, वास उडून जातो. उलट नेहमी येणारा क्लोरीनचा वास अचानक नाहीसा झाला आणि पाण्याला गटाराचा वास आला, तर ते पाणी पिऊ नका. महापालिकेच्या ई विभाग कार्यालयाला कळवा आणि तोवर पाणी खळखळून उकळून प्या.

तांबूस पाण्यात पुन्हा तोच गंज. तुम्ही गावाला असताना इमारतीच्या जुन्या लोखंडी पाइपमध्ये पाणी उभं राहिलं. उभ्या पाण्यातला क्लोरीन गंजाशी झुंजण्यातच संपला आणि लोखंड विरघळत राहिलं. नळ सोडताच हवा लागून ते तांबडं झालं. पाण्यात लोह लिटरला 0.3 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर सहसा चव कळत नाही. त्याच्या वर गेलं की खिळा चोखल्यासारखी चव येते आणि पांढऱ्या कपड्यांवर पिवळट डाग पडतात. पहिल्या बादलीभर पाण्यानं लादी पुसा, संडासात वापरा. ते वाया घालवायची गरज नाही. रोजच तांबूस पाणी येत असेल तर मात्र पाइप बदलायची वेळ आली.

चहा काळा होण्याची गोष्ट मला विशेष आवडते. चहात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोह भेटले की काळंभोर संयुग होतं. लोखंडी कढईतला आवळा काळा पडतो, त्याला हेच कारण. सह्याद्रीच्या जंगलातून गोळा होणारा हिरडा टॅनिननं भरलेला असतो. हिरडा आणि लोहाचं पाणी यांच्या संयोगानं कापडावर काळा रंग चढतो. युरोपात अनेक शतकं दस्तऐवज ज्या शाईनं लिहिले गेले, तीही झाडावरच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार यांच्यापासून केलेली. म्हणजे ‘शाईसारखा’ हा तुमचा शब्द अगदी अचूक आहे. घरी पडताळून पाहायचं असेल तर साध्या चहाच्या कोऱ्या पाण्यात गंजलेला खिळा थोडा वेळ बुडवून ठेवा. हा चहा फक्त पाहण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे.

प्रश्न : भाऊच्या धक्क्यावरून आणलेले मासे साफ केल्यावर हाताला वास राहतो. साबणापेक्षा लिंबानं तो लवकर जातो, असं का?
— एक गृहिणी, अंजीरवाडी

उत्तर : समुद्राचं पाणी खारट असल्यानं माशाच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये, म्हणून समुद्री मासा आपल्या पेशींत एक सेंद्रिय पदार्थ साठवतो. मासा मेल्यावर जिवाणू त्या पदार्थाचं ट्रायमिथिल अमाइन करतात. तोच तो वास. गोड्या पाण्यातल्या माशात हा पदार्थ फार थोडा असतो, म्हणून तळ्यातल्या माशाला तसा वास येत नाही. हा अमाइन अल्कधर्मी आहे. लिंबातल्या आम्लाशी तो मिसळला की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही. साबण स्वतः अल्कधर्मी, तो हे काम करू शकत नाही. बांगड्याच्या सारात आमसूल आणि तळण्याआधी माशाला लिंबू, या दोन्हीत चवीबरोबर हाही हिशेब आहे. वास फार असेल तर मासा ताजा नाही, हे मात्र लिंबू लपवू शकतं, म्हणून धक्क्यावर घेताना लिंबाशिवायच हुंगून घ्या.

प्रश्न : देवघरातली चांदीची निरांजनं आमच्याकडे फार लवकर काळी पडतात. पावडरनं घासून ती झिजायला लागली आहेत. दुसरा काही उपाय?
— एक आजी, माझगाव

उत्तर : आजी, घासणं थांबवा. तुमच्या चांदीला गंज लागलेला नाही, तिच्यावर गंधक बसलंय. चांदी ऑक्सिजनला सहसा भीक घालत नाही, पण हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य असला तरी ती त्यातलं गंधक उचलते आणि काळ्या सिल्व्हर सल्फाइडचा थर धरते.

माझगावात तो वायू येतो कुठून, हे ओहोटीच्या वेळी बंदराच्या कडेला उभं राहिलं की कळतं. पाणी हटलं की काळाकुट्ट चिखल उघडा पडतो आणि कुजल्या अंड्याचा वास येतो. चिखलात आत ऑक्सिजन पोचत नाही. नाल्यांतून आलेलं सांडपाणी तिथं कुजतं. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यातला काही भाग चिखलातल्याच लोखंडाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड होतो. चिखलाचा काळा रंग त्याचा. असा चिखल काठीनं उकरून हवेवर ठेवला, तर त्याचा वरचा भाग हळूहळू तपकिरी होत जातो : लोखंड पुन्हा ऑक्सिजनकडे गेलं. नाल्यांत जितकं सांडपाणी प्रक्रिया न होता येईल, तितका तो चिखल जास्त काळा आणि तुमची निरांजनंही.

उपाय असा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर. निरांजनातलं तेल-तूप आधी साबणानं काढा. निरांजन फॉइलला टेकेल असं ठेवा, वर दोन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा मीठ टाका आणि कढत पाणी ओता. काही मिनिटांत बुडबुडे येतील, बंदरासारखा किंचित वास येईल आणि काळेपणा उतरेल. खिडकी उघडी ठेवा. अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, चांदी ते घेऊन गंधक सोडते आणि पुन्हा चांदी होते. बोटीच्या तळाला जस्त जे करतं, ते इथं फॉइल करते. पावडरनं घासलं की काळ्या थराबरोबर त्यातली चांदीही जाते. या रीतीनं चांदी भांड्यावरच राहते. फॉइल मात्र काळी, निस्तेज होईल, ती टाकून द्या.

मोती किंवा खडे बसवलेले दागिने आणि नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळी केलेली चांदी या पाण्यात घालू नका. धुतलेली निरांजनं नीट कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रबरबँड मात्र लावू नका, रबरातही गंधक असतं.